नागरिकत्वाच्या बातमीत 'कुणाला' आणि 'कधीपासून' एवढं तरी लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते, मराठी पेपर रोज मोबाईलवर वाचते. ही तक्रार तुमच्या एकट्या पेपरची नाही, सगळ्याच मराठी पेपरांची आणि चॅनेलवाल्यांची आहे, पण वाचते तुम्हाला म्हणून लिहितेय पण तुम्हालाच. अमेरिकेतल्या इमिग्रेशनची कुठलीही बातमी आली की मथळा ठरलेला, मोठा धक्का, स्वप्न भंगलं, भारतीयांची झोप उडाली वगैरे. झोप आमची आधीच उडालेली असते हो. त्यात तो मथळा तिकडे दुपारच्या जेवणानंतर आईच्या व्हॉट्सअॅपवर जातो आणि इथे रात्री अडीचला माझा फोन वाजतो, की अगं तुझं आता काय होणार.

तर माझं काय चाललंय ते आधी सांगते म्हणजे तक्रार नीट कळेल. मी आणि नवरा दोघंही ग्रीन कार्डवाले (ग्रीन कार्ड म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना), आणि दोघांनीही नागरिकत्वासाठी अर्ज केला. भारतात जन्मलेल्या माणसाला नोकरीवरनं ग्रीन कार्ड मिळायलाच किती वर्षं जातात ते आता बऱ्याच घरांना माहितेय, वर्षाच्या ग्रीन कार्डांत दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, मग देश केवढाही असो. ते मिळालं की ५ वर्षं थांबायचं (अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल आणि त्याच्यासोबत राहत असाल तर ३), त्यातला किमान अर्धा काळ प्रत्यक्ष इथे काढलेला असायला लागतो, आणि मग एन-४०० नावाचा फॉर्म भरायचा. मुदत भरायच्या ९० दिवस आधीपासून तो भरता येतो. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर भरला तर ७६०. मग बोटांचे ठसे, मग इंटरव्ह्यू, त्यातच इंग्रजी वाचून लिहून दाखवायचं आणि इथला इतिहास नि राज्यकारभार यावरचे प्रश्न, मग शपथ. ऐकायला एवढंच. कुठली पायरी कधी येणार हे मात्र कुणीच सांगत नाही, सांगायला बांधीलही नाही.

फॉर्म भरण्यातच आमचे दोन वीकेंड गेले. गेल्या ५ वर्षांत २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ देशाबाहेर गेलात त्या प्रत्येक वेळची जाण्याची नि परत येण्याची तारीख लागते. डायनिंग टेबलवर जुने नवे सगळे पासपोर्ट पसरून बसलो, मुंबईचा शिक्का अर्धा पुसट, १ आहे की ७ आहे कळेना, मग विमान कंपनीची जुनी ईमेल शोधा, भाच्याच्या मुंजीचे फोटो उघडून त्यावरची तारीख बघा. नायगरा बघायला कॅनडाच्या बाजूला गेलो होतो तेव्हा रात्र तिकडे काढली होती की अलीकडे, यावरनं आमचं चांगलंच वाजलं. नवरा म्हणाला अंदाजे टाक, मी म्हटलं सहीच्या वर खरं सांगतोय असं लिहिलेलं आहे, अंदाजे काय टाक. शेवटी हॉटेलची पावती सापडली.

दोघांचे अर्ज एकाच संध्याकाळी, एकाच लॅपटॉपवरनं, एकाच कार्डावरनं पैसे भरून गेले. घर एक, पत्ता एक, प्रवास बहुतेक सगळे एकत्र. त्याचं इंटरव्ह्यूचं पत्र आलं, इंटरव्ह्यू झाला, शपथ झाली, पासपोर्ट आला, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड) पण झालं. माझी केस आहे तिथेच. का, तर माहीत नाही. इमिग्रेशन खात्याला फोन केला की पलीकडचा माणूस छान बोलतो आणि केस रिव्ह्यूमध्ये आहे असं सांगतो, ते मला स्क्रीनवर दिसतच असतं. गेल्या वेळी मुंबईला उतरलो तर नवरा ओसीआयच्या रांगेत आणि मी भारतीय पासपोर्टच्या. पोरगी बाबाबरोबर गेली. माझी रांग आधी संपली, तेवढंच समाधान.

आणि ती स्क्रीन म्हणजे एक व्यसनच आहे. खात्याच्या वेबसाइटवर आपलं अकाउंट उघडलं की वर केसची एक ओळ, खाली अंदाजे किती महिने राहिले त्याचा आकडा. तो कमी कमी होत जातो, आपण मनात हिशेब मांडतो की दिवाळीपर्यंत होईल, आणि एक दिवस उघडावं तर आकडा परत वाढलेला. नाहीतर आकडाच गायब आणि त्या जागी निर्णयाला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतोय अशा अर्थाचं वाक्य. तो आकडा म्हणजे काही वायदा नाही, सरासरीवरनं काढलेला अंदाज आहे हे मला कळतं, मी काही अडाणी नाही, तरी सकाळी दात घासायच्या आधी हात तिकडेच जातो.

लग्न ठरलंय, मुहूर्त निघत नाही आणि हॉल पण बुक करता येत नाही, अशी अवस्था. अर्ज चालू असताना भारतात जाता येतं, ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही चालू असतात, त्याला बंदी नाही. पण तिकडे असताना इंटरव्ह्यूचं पत्र आलं तर? तारीख बदलून मागता येते पण नवी कधी मिळेल ते परत देवाला माहीत, आणि न कळवता गैरहजर राहिलं तर केस बंदसुद्धा होऊ शकते. घर बदलावं तर नवा पत्ता १० दिवसांत कळवायचा आणि केस दुसऱ्या ऑफिसच्या हद्दीत गेली की तिकडची रांग. त्यामुळे लोक घर बदलत नाहीत, तिकीट काढत नाहीत, वडिलांचं ऑपरेशन असेल तर भावाला सांगतात तू बघ. मला हे बघून राग येतो खरं तर, कारण यातलं निम्मं भीतीपोटी असतं, नियमापोटी नसतं. आणि ती भीती कुठनं येते तर अर्धवट बातम्यांमधनं, म्हणून हे पत्र.

आता उदाहरणंच देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागरिकत्वाची परीक्षा बदलली. आधी १०० प्रश्नांची यादी होती, इंटरव्ह्यूत त्यातले १० विचारायचे, ६ बरोबर आले की पास. आता यादी १२८ ची, विचारतात २०, आणि १२ बरोबर लागतात. बातमी काय आली, तर परीक्षा झाली अवघड, भारतीयांचं टेन्शन वाढलं. एवढं कुणी लिहिलं नाही, की २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर ज्यांनी अर्ज टाकला त्यांनाच ही नवी परीक्षा, त्याआधीच्यांना जुनीच. म्हणजे इंटरव्ह्यू कधी आहे याच्याशी संबंध नाही, अर्ज कधी पोचला याच्याशी आहे. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी जुना अर्ज असताना नवी १२८ ची यादी पाठ करायला घेतली होती, घोकून घोकून ब्लड प्रेशर वाढवून घेतलं. आणि नापास झालं तरी लगेच सगळं संपत नाही, ६० ते ९० दिवसांत परत एकदा बोलावतात आणि जेवढं चुकलं तेवढाच भाग परत घेतात, हे तर कुठेच छापत नाहीत. छापलं तर मथळ्यातली हवा जाईल ना.

सप्टेंबर २०२५ ला एच-१बी व्हिसाची (इथे नोकरीसाठी येणाऱ्यांचा तात्पुरता व्हिसा) १ लाख डॉलर फी जाहीर झाली तेव्हा तर कहर झाला. माझ्या घरी चार फोन. माझा एच-१बीशी संबंध कधीच संपलाय, ग्रीन कार्डवाल्याला ती फी नाही, नागरिकत्वाच्या अर्जाला तर नाहीच नाही, आणि ज्यांच्याकडे आधीच व्हिसा होता त्यांनाही ती लागू नाही असं पुढच्या एक-दोन दिवसांत सरकारनं स्पष्ट केलं. ते स्पष्टीकरण आतल्या पानावर चार ओळीत. तसंच जानेवारी २०२५ च्या जन्माधारित नागरिकत्वाच्या आदेशाचं, तो होता पुढे इथे जन्मणाऱ्या बाळांबद्दल, ज्यांची आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर आहे आणि बाप नागरिक नाही की ग्रीन कार्डवालाही नाही. तो लगेच कोर्टात गेला. पण 'अमेरिकेत नागरिकत्व बंद' असलं काहीतरी गावभर झालं आणि माझ्या मावशीनं मला विचारलं की भरलेले पैसे तरी परत देतात का.

ऑगस्ट २०२५ ला इमिग्रेशन खात्याचे दोन मेमो, म्हणजे अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना, आले त्यांची मात्र बातमी व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. एक असा की अर्जदाराचं चारित्र्य तपासताना नुसतं गुन्हा नाही एवढं बघायचं नाही, माणसानं समाजात काय चांगलं केलं, कर भरला का, घरच्यांची जबाबदारी घेतली का, हे सगळं एकत्र तोलायचं. दुसरा शेजारीपाजारी आणि कामाच्या ठिकाणी चौकशी करण्याबद्दल, जी १९९१ पासून साधारणपणे करत नव्हते, ती सरसकट सूट काढून घेतली, आता गरज वाटली तर करू शकतात. याचा अर्थ प्रत्येकाच्या दारात माणूस येणार असा नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली शेजाऱ्यांशी गोड राहा बाई, ती पलीकडची बाई मांजरावरनं भांडते म्हणालीस ना. मुद्दा हा की हा बदल आधी अर्ज केलेल्यांनाही लागू शकतो, परीक्षेसारखी त्याला अर्जाच्या तारखेची रेघ नाही, आणि माझ्यासारख्यांना नेमकं हेच कळायला हवं असतं.

आणि डिसेंबर २०२५. १९ देशांच्या लोकांचे अर्ज सरकारनं थांबवले, काहींचे तर शपथेचे कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाले, इंटरव्ह्यू पास झालेली, फक्त हात वर करून शपथ घ्यायची राहिलेली माणसं. वाचून पोटात गोळा आला. त्या यादीत भारत नव्हता. आपल्याकडच्या मथळ्यात मात्र 'स्थलांतरितांचे अर्ज रोखले' एवढंच, देश कुठले ते शोधायला शेवटचा परिच्छेद. ज्यांच्यावर खरंच आलं त्यांचं दुःख राहिलं बाजूला आणि ज्यांच्यावर आलं नाही ते रडत बसले.

दुसऱ्या टोकाचंही आहे. खोटी आशा. '१२० दिवसांत नागरिकत्व द्यावंच लागतं' असं मला तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलंय. तसं नाही. इंटरव्ह्यू झाल्यापासून १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर अर्जदार फेडरल कोर्टात जाऊ शकतो असा कायदा आहे. इंटरव्ह्यू झाल्यापासून, अर्ज केल्यापासून नाही. माझा इंटरव्ह्यूच झालेला नाही तर माझं ते घड्याळ अजून चालूच झालेलं नाही.

धीर देणाऱ्या गोष्टी पण आहेत की, त्या का छापत नाही? अर्ज चालू असताना ग्रीन कार्डाची मुदत संपत आली की लोकांची धावपळ होते, तर डिसेंबर २०२२ पासून एन-४०० ची पावती मिळाली की ग्रीन कार्ड आपोआप २४ महिने पुढे जातं, कार्ड आणि पावती एकत्र ठेवायची. परीक्षेत दोन्ही वेळा नापास होऊन अर्ज फेटाळला गेला तर ग्रीन कार्ड जात नाही, परत फी भरून परत अर्ज करता येतो. आणि ज्यांचं वय ५० च्या पुढे आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा ५५ च्या पुढे आणि १५ वर्षं, त्यांना इंग्रजीची परीक्षा नाही, दुभाष्या घेऊन प्रश्नांची उत्तरं चक्क मराठीत देता येतात. ६५ च्या पुढे आणि २० वर्षं असतील तर यादी पण छोटी, २० प्रश्नांची. हे वाचून किती आजीआजोबांना हायसं वाटेल. ते बिचारे इंग्रजी बोलता येत नाही म्हणून अर्जच करत नाहीत.

आजीआजोबांवरनं आठवलं, ग्रीन कार्ड असलेले बरेच आईवडील सहा महिने इकडे सहा महिने तिकडे करतात आणि त्यांना वाटतं सहा महिन्यांत एकदा येऊन गेलं की झालं. एका खेपेला ६ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की सलग वास्तव्य तुटलं असं धरून चालतात आणि तुटलं नाही हे आपण पुराव्यानं दाखवायचं, वर्ष झालं तर तुटतंच. आणि शिवाय ५ वर्षांत ३० महिने इथे असायला लागतात ते वेगळंच. 'री-एन्ट्री परमिट' काढलं म्हणजे हे मोजणं थांबतं असं समजू नका, ते परत आत यायला उपयोगी, नागरिकत्वाच्या हिशेबाला नाही.

सगळ्यात जास्त मला जे छापून यावंसं वाटतं ते मुलांबद्दल. आईवडिलांपैकी एकजण नागरिक झाला आणि मूल १८ च्या आतलं, ग्रीन कार्डवालं, त्या पालकाच्या ताब्यात इथेच राहणारं असेल, तर ते मूल त्याच क्षणी आपोआप नागरिक होतं, वेगळा अर्ज नाही, परीक्षा नाही, नुसता पासपोर्ट काढायचा. २००१ पासून असा कायदा आहे. पण पालकाची शपथ मुलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या आत व्हायला लागते, नुसता अर्ज आत जाऊन चालत नाही. एका कुटुंबात मुलगा बारावीत, आईचा अर्ज रखडलेला, वडील म्हणायचे आपण दोघांनी कशाला करायचा, एकीचा झाला की दुसऱ्याचा बघू. मुलगा अठराचा झाला, मग दोन महिन्यांनी आईची शपथ. आता त्याला स्वतःचा अर्ज, स्वतःची फी, स्वतःची रांग. दोघांनी बरोबर अर्ज केला असता तर निदान दोन दारं उघडी राहिली असती. मुलगी आमची इथलीच जन्मलेली म्हणून आमचं हे टेन्शन नव्हतं, पण ज्यांची मुलं तिकडे जन्मली त्यांनी वय पंधरा-सोळा असतानाच हे बघायला हवं.

आता शपथ झाल्यानंतरचं, कारण लोकांना वाटतं शपथ झाली की सुटलो. त्याच दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात आणि नागरिकत्वाचं सर्टिफिकेट हातात देतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, त्यामुळे भारतीय पासपोर्ट त्या क्षणापासून प्रवासाला वापरायचा नाही, त्यावर पुढची दहा वर्षं शिल्लक असली तरी. म्हणजे ग्रीन कार्ड गेलं, भारतीय पासपोर्ट गेला, अमेरिकन पासपोर्ट अजून यायचाय. हा जो मधला काळ आहे ना, तो आम्हा लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, कारण तिकडे आईवडील सत्तरीच्या पुढे. नवऱ्याच्या शपथेनंतर सासऱ्यांना ताप आला, साधा व्हायरल होता, पण ते तीन दिवस हा माणूस घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होता. खरी निकड असेल तर अपॉइंटमेंट घेऊन पासपोर्ट एजन्सीतून १४ दिवसांच्या आतल्या प्रवासासाठी पासपोर्ट काढता येतो, पण पुढे भारताचा व्हिसा उरतोच.

मग भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय. फोटोच्या साईजपासून सहीच्या चौकोनापर्यंत कशावरनंही अर्ज परत येतो. ओसीआय २००५ पासून आहे, आयुष्यभराचा व्हिसा म्हणा हवं तर, पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे शेवटचं गावाकडच्या भावकीला आधीच समजावून सांगितलेलं बरं, कारण वाटणीच्या आणि नावावर करून देण्याच्या गोष्टी नेमक्या तेव्हाच निघतात. वारसानं आलेल्या जमिनीचं वेगळं असतं, त्यात वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅपला विचारू नका.

कुणी म्हणेल मग एवढा त्रास असताना घेताच कशाला नागरिकत्व, आणि प्रतिक्रियांमध्ये देशद्रोही वगैरे लिहिणारे तर असतातच. त्यांच्याशी वाद घालायला मला वेळ नाही. माझं कारण सरळ आहे, ग्रीन कार्डवाल्याला आईवडिलांना इथे कायमचं आणण्यासाठी अर्ज करता येत नाही, नागरिकालाच येतो. भाऊ नाहीये मला.

तर संपादक, मागणं एवढंच आहे. बातमी देताना ती व्हिसावाल्यांची आहे, ग्रीन कार्डवाल्यांची आहे की नागरिकत्वाच्या अर्जदारांची, हे मथळ्यात किंवा पहिल्या ओळीत येऊ द्या. कुठल्या तारखेपासून, आणि आधीच अर्ज केलेल्यांना लागू का, हे दुसऱ्या ओळीत. आणि ती घोषणा आहे, प्रस्ताव आहे, मेमो आहे की कायदा झालाय, हेही लिहा, कारण प्रस्तावाचा कायदा व्हायला कधी वर्षं जातात आणि कधी होतच नाही, मेमो मात्र त्याच दिवशीपासून चालू होतो. पासपोर्ट सरेंडर आणि ओसीआयचे नियम तर आपल्याच सरकारचे आहेत, ते बदलले की मराठीत सविस्तर छापणं तुमच्याच हातात आहे, त्यासाठी वॉशिंग्टनला बातमीदार लागत नाही.

कळावे,
आपली एक वाचक
न्यू जर्सी, अमेरिका